शितावरून भात

भात शिजला कीं नाहीं हें पाहावयाचें तर कोणीहि सगळें पातेलें उपसून पाहत नाहीं. गृहिणी एक शीत काढते, दोन बोटांत चेपते, आणि पातेल्यावर झांकण तरी ठेवते किंवा तें खालीं तरी उतरविते. एवढ्याशा कृतींत दोन गोष्टी आहेत. एक, थोडक्या नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज. आणि दुसरी, तो अंदाज वेळेवर मिळणें. पंगत उठल्यावर भात कच्चा होता असें कळून काय उपयोग? पण शितालाहि मर्यादा आहे. भात शिजला हें तें सांगतें. तळ लागला आहे कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें.

या महिन्यांत आम्हांस जी गोष्ट वाचकांपुढें मांडावयाची आहे ती याच धर्तीची आहे. फरक इतकाच, कीं पातेल्याच्या जागीं शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजविलेलें घरचें कुत्रें किंवा मांजर आहे, आणि शिताच्या जागीं त्याच्या अंगांतील गांठीच्या थोड्याशा पेशी. शस्त्रक्रिया चालू असतांनाच गांठीचा एक कण घ्यावयाचा, कांचेवर त्याचा ठसा उठवावयाचा, त्यास रंग द्यावयाचा, सूक्ष्मदर्शकाखालीं धरावयाचा, आणि 'ही गांठ कशाची?' याचें उत्तर दहा-पंधरा मिनिटांत शस्त्रवैद्याच्या हातीं द्यावयाचें, अशी ही रीत आहे. मनुष्यांच्या रुग्णालयांत ती जुनी आहे. जनावरांच्या चांगल्या दवाखान्यांतहि ती वापरली जाते. ज्यांच्या घरीं कुत्रें-मांजर आहे अशा कुटुंबांनीं ती समजून घेणें अगत्याचें आहे. कारण त्या दहा मिनिटांत जो प्रश्न उभा राहतो, त्याचें अर्धें उत्तर घरच्या माणसांना द्यावें लागतें. आम्हांवर तो प्रसंग आला, आणि आमची तयारी नव्हती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं अकरा माणसें आणि बारावा मोती. मोती हा लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा असून त्याचें वय तेव्हां नऊ वर्षांचें होतें. त्यास घरांत घेण्यास आमच्या मातोश्रींचा प्रथम कडक विरोध होता. सोंवळ्याओंवळ्याचें एक वेळ सोडून देऊं, पण केंस पडतात त्याचें काय, हा त्यांचा मुद्दा होता. पुढें काय झालें कोणास ठाऊक. सकाळची पहिली पोळी मोतीच्या नांवची होऊं लागली आणि केंसांचा मुद्दा मागें पडला.

कांहीं वर्षांपूर्वीं मोतीच्या छातीवर एक मऊ गांठ आली होती. पशुवैद्यांनीं तींत बारीक सुई घालून पाहिली, तों कांचेवर तेलाच्या थेंबांसारखे थेंब आले. ती निव्वळ चरबीची गांठ होती. तिला हात लावण्याचें कारण नव्हतें. यामुळें झालें असें, कीं पुढें त्याच्या मागच्या उजव्या मांडीवर वाटाण्याएवढी दुसरी गांठ लागली तेव्हां घरांत सर्वांनीं एकमुखानें निकाल दिला, "तसलीच असेल." ही गांठ कधीं फुगे, कधीं बसे. बसली म्हणजे मुलें आनंदानें सांगत येत, आणि आम्हीहि तें शुभचिन्ह समजत असूं. असे सहा महिने गेले. ही चूक सर्वस्वीं आमची आहे. तिचें खापर दुसऱ्या कोणाच्या माथीं फोडतां येणार नाहीं.

गांठ बोराएवढी झाल्यावर आम्ही त्यास दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टरबाईंनीं दोन वेळां सुई घातली. दोन्ही वेळां नुसतें रक्त आलें. त्या म्हणाल्या, "अंदाजावर जाऊं नये. भूल देऊन गांठ काढूं, आणि काढतांना टेबलावरच ती कशाची आहे तें पाहूं. त्याप्रमाणें किती काढावयाचें तें ठरेल." आम्ही मान डोलावली. 'त्याप्रमाणें' या शब्दांत काय भरलें आहे, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत खल झाला. आमचे वडील बंधु म्हणाले, "कर्करोग निघाला तर पुढें कापाकापी नको. वय झालेलें जनावर; शिवून घरीं आणूं आणि जे दिवस आहेत ते सुखानें जाऊं देऊं." धाकटा पुतण्या रागानें उठून गेला. वहिनींनीं डोळे पुसले. आम्ही मनांतून बंधूंच्या बाजूचे होतों, पण बोललों नाहीं. अखेर "उद्यांचें उद्यां पाहूं" असें म्हणून सर्व निजावयास गेले, आणि तो अनिर्णय तसाच बरोबर घेऊन आम्ही दोघे भाऊ सकाळीं मोतीला दवाखान्यांत घेऊन गेलों.

आतां ही परीक्षा होते कशी, तें पाहूं. शस्त्रक्रिया चालू असतां गांठ ओळखावी ही खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेंत मेयो क्लिनिकमधील डॉ. विल्सन यांनीं १९०५ सालीं ताज्या मांसाचा तुकडा गोठवून त्याच्या पातळ चकत्या झटपट रंगविण्याची कृति प्रसिद्ध केली. ती उत्तम आहे. पण तिला गोठविण्याचें व कापण्याचें महाग यंत्र आणि तें चालविणारा कसलेला हात लागतो. १९२७ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील डॉ. डजन व डॉ. पॅट्रिक यांनीं अधिक सोपी वाट दाखविली. त्यांनीं चकत्या कापल्याच नाहींत. गांठीच्या ताज्या कापलेल्या पृष्ठभागावरून सुरीनें पेशी खरवडून त्या कांचेवर पसरल्या, रंगविल्या, आणि अशा रीतीनें तपासलेल्या २०० रोग्यांची हकीकत छापली. पुढें तीनच वर्षांनीं, १९३० सालीं, मेंदूचे विख्यात शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग व त्यांच्या सहकारी लुईस आयझेनहार्ट यांनीं मेंदूंतील गांठींचा इवलासा कण दोन कांचांमध्यें चेपून ती गांठ ओळखण्याची रीत वर्णिली. पशुवैद्यकानें ह्याच वाटा उचलल्या. जनावरांच्या दवाखान्यांत गोठविण्याचें यंत्र क्वचितच असतें. कांच, रंग आणि सूक्ष्मदर्शक मात्र असतात. राहिली चौथी वस्तु, ती म्हणजे पाहणाराचा सरावलेला डोळा. आणि खरी किंमत तिचीच आहे.

कृति दिसावयास साधी आहे. गांठीचा कण कापला म्हणजे त्याचा कापलेला भाग रक्तानें व लशीनें ओला असतो. तो तसाच कांचेवर टेंकला तर कांचेवर रक्ताचाच ठसा उठेल. म्हणून प्रथम तो टिपकागदावर किंवा जाळीदार कापडावर टेंकवून टेंकवून जवळजवळ कोरडा करतात. मग स्वच्छ कांचपट्टीवर तो हलकेच टेंकवून उचलतात. घासत नाहींत, दाबत नाहींत. असे चार-पांच ठसे एका कांचेवर उठतात. गांठ चिवट असली आणि पेशी सुटत नसल्या, तर पात्याच्या कडेनें खरवडतात. त्यानंतर कांच वाऱ्यावर झटकन् वाळवावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यांत हवाच इतकी ओली, कीं कांच वाळेपर्यंत पेशी फुगून त्यांचें रूप बिघडतें. म्हणून केंस वाळविण्याचें यंत्र दुरून धरून ती वाळवितात.

मग रंग. हा रंग रशियांतील रोमनोव्स्की यांच्या नांवानें ओळखला जातो. १८९१ सालीं हिंवतापाचे जंतु रक्तांत पाहतां पाहतां त्यांस असें आढळलें, कीं मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग आणि इओसिन हा तांबडा रंग यांच्या मिश्रणानें पेशीचा गाभा जांभळा उठतो आणि भोंवतालचा भाग निराळ्या छटेचा दिसतो. हिंवतापाच्या संशयानें बोटास टोंचून रक्ताची जी कांच घेतात, तिला देण्याचा लीशमनचा रंग याच कुळांतला, १९०१ सालचा. गांठीच्या कांचेसाठीं त्याचा झटपट प्रकार वापरतात: एका भांड्यांत मद्यार्काचा एक प्रकार, दुसऱ्यांत तांबडा रंग, तिसऱ्यांत निळा. प्रत्येकांत कांहीं सेकंद बुचकळली, पाण्यानें धुतली, वाळविली, कीं कांच तयार.

सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणारा प्रथम एवढेंच विचारतो: ही सूज आहे कीं खरोखर गांठ? पू करणाऱ्या पेशींची गर्दी व जंतु दिसले तर प्रश्न बराचसा निराळा होतो. गांठ असेल, तर तिच्या पेशी तीन घराण्यांपैकीं कोणत्या, हें तो पाहतो. कातडें व ग्रंथि यांच्या पेशी एकमेकींस चिकटून झुबक्यांनीं येतात. मांस, तंतु, हाडें यांच्या पेशी लांबट, चातीसारख्या, दोन्ही टोंकांस निमुळत्या असतात आणि पुष्कळदां थोड्याच सुटतात. तिसऱ्या घराण्यांतल्या पेशी गोल व सुट्या असतात आणि कांचेवर भरपूर उतरतात. त्यानंतर रोगाचा स्वभाव पाहावयाचा. एकाच गांठींतल्या पेशी लहानमोठ्या बेढब आहेत काय, गाभ्यांचे आकार भलतेच आहेत काय, एका पेशींत दोन-तीन गाभे आहेत काय, पेशी दुभंगण्याची क्रिया वेडीवांकडी चालली आहे काय, अशीं लक्षणें जितकीं अधिक, तितका दुष्टपणाचा संशय दाट. पण यांतहि फसगत आहे. जोराच्या सुजेनें चिडलेल्या निरोगी पेशीहि दुष्ट पेशींचें सोंग आणतात. म्हणून जाणता पाहणारा एकाच लक्षणावर निकाल देत नाहीं.

मोतीची गांठ उघडी झाल्यावर डॉक्टरबाईंनीं तांदळाएवढा कण काढून दिला. बाहेरच्या खोलींत दुसऱ्या एक डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशीं बसल्या होत्या. थोड्या वेळानें त्या बाहेर येऊन बंधूंस म्हणाल्या, "काका, ही मास्ट पेशींची गांठ आहे. कर्करोगाच्या जातीची आहे, पण नांवानें घाबरून जाऊं नका. नुसती गांठ सोलून काढली तर मुळें मागें राहण्याचा धोका आहे. चारी बाजूंनीं दोन-दोन सेंटिमीटर चांगलें कातडें आणि खालचा एक पडदा घेऊन काढली, तर एकाच वेळीं काम होण्याचा पुष्कळ संभव आहे. पाय काढावा लागत नाहीं. पण जखम मोठी होईल. तुमची संमति पाहिजे. तो भुलीखालीं आहे, फार वेळ थांबतां येणार नाहीं."

रात्रीं ज्यांनीं ठाम मत दिलें होतें ते आमचे बंधु भिंतीकडे पाहत उभे राहिले. आमचीहि जीभ रेटेना. शेवटीं त्यांनीं घरीं फोन लावला. सर्वांचें बोलणें एकदम ऐकूं येऊं लागलें. तेवढ्यांत मातोश्रींनीं फोन मागून घेतला. त्या म्हणाल्या, "अरे, दोनच गोष्टी विचार. त्याला दुखणार किती दिवस? आणि मग तो चालेल का?" बंधूंनीं विचारलें. उत्तर मिळालें: टांके दहा-बारा दिवस, दुखूं नये म्हणून औषध देतां येतें, आणि चालेल. हें ऐकतांच पलीकडून आवाज आला, "मग मला कशाला विचारतां? करा म्हणावें."

आम्ही पुढें या प्रसंगावर पुष्कळ विचार केला. आदल्या रात्रीं तासभर आम्ही 'कर्करोग' या एका शब्दाशीं भांडत होतों. तो शब्द म्हणजे जणूं निकालपत्रच, अशी आमची समजूत. वस्तुतः तो शब्द एका मोठ्या गांवाचें नांव आहे. त्यांत सज्जन, दुर्जन, आळशी, धांवरे सर्व तऱ्हेचे लोक राहतात. टेबलावरील परीक्षेचें मोल हेंच, कीं ती गांवाचें नांव सांगून थांबत नाहीं, पुष्कळदां घराचा पत्ता सांगते. आणि मातोश्रींनीं जे दोन प्रश्न विचारले तेच खरे प्रश्न होते: दुःख किती, आणि त्यानंतरचें जिणें कसें.

मास्ट पेशींविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. ह्या पेशी निरोगी शरीरांतहि असतात. जर्मनींतील पॉल एर्लिख यांनीं विद्यार्थिदशेंतच त्या ओळखल्या आणि १८७८ सालच्या आपल्या प्रबंधांत त्यांस नांव दिलें. पेशी जांभळ्या कणांनीं गच्च भरलेल्या दिसल्या, तेव्हां त्या खाऊन खाऊन पुष्ट झाल्या असाव्यात असें त्यांस वाटलें. पुष्ट करणें या अर्थाच्या जर्मन शब्दावरून 'मास्ट' हें नांव पडलें. ते कण अन्नाचे नव्हेत; त्यांत हिस्टामिन इत्यादि तीव्र द्रव्यें सांठविलेलीं असतात. अशा पेशींची गांठ दाबली, चोळली, कीं द्रव्यें बाहेर पडतात आणि भोंवतालीं सूज व लाली येते. तीं ओसरलीं कीं गांठ पुनः लहान दिसते. म्हणजे गांठीचें जें फुगणें-बसणें आम्ही शुभचिन्ह समजत होतों, तीच तिची ओळखीची खूण होती! हीं द्रव्यें रक्तांत जाऊन पोटांत आम्ल वाढवितात, वांत्या व जठरांत व्रणहि होतात. यासाठीं टेबलावर नांव कळतांच मोतीला हिस्टामिनविरोधी औषध टोंचण्यांत आलें, हातमोजे व हत्यारें बदलण्यांत आलीं, आणि मगच रुंद काप घेतला. डॉक्टरबाईंनीं मांडीवरचे केंस आधींच दूरवर काढून ठेवले होते. ही शक्यता त्यांनीं धरून ठेविली होती. धरली नव्हती ती आम्हीं.

टेबलावरील उत्तरें ढोबळ मानानें तीन प्रकारचीं असतात. पहिलें, 'अधिक काढा', जसें मोतीच्या बाबतींत आलें. दुसरें, 'एवढें पुरे'. चरबीची गांठ, साधी पाण्याची पिशवी, किंवा कोंवळ्या वयाच्या कुत्र्यास होणारी हिस्टिओसायटोमा नांवाची गांठ, जी बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरून जाते. अशा वेळीं मोठी जखम करणें हाच अपराध ठरेल. तिसरें उत्तर सर्वांत नवल वाटण्यासारखें: 'शस्त्र खालीं ठेवा'. लसिकापेशींच्या कर्करोगांत रोग बहुधा एका जागीं नसतोच. त्यावर कापण्यापेक्षां औषधांचाच उपाय मुख्य. भटक्या कुत्र्यांत समागमानें पसरणारी एक गांठ आपल्या देशांत पुष्कळ आढळते. हिची गंमत अशी, कीं रोगजंतूंऐवजीं गांठीच्या पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन तेथें रुजतात. रशियांतील नोव्हिन्स्की यांनीं १८७६ सालीं ती एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर रुजवून दाखविली. कांचेवर तिच्या गोल पेशींत स्वच्छ, पोकळ ठिपक्यांची रांग दिसते. ही ओळख पटली, कीं आठवड्यास एक याप्रमाणें व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या थोड्याशा टोंचण्यांनीं बहुतेक कुत्रीं साफ बरीं होतात. आणि हें व्हिन्क्रिस्टिन मूळ मिळतें कोठून? आपल्या अंगणांतील सदाफुलींतून! मात्र कोणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्यास चारूं नये. झाड विषारी आहे, आणि शुद्ध केलेलें औषधहि जपूनच द्यावें लागतें.

आतां तळ लागल्याची गोष्ट. शीत सर्व कांहीं सांगत नाहीं, हें आरंभींच म्हटलें आहे. कांचेवर पेशी सुट्या येतात. त्या मूळ जागीं कशा रचलेल्या होत्या, गांठ आपल्या हद्दींत होती कीं शेजारच्या मांसांत शिरली होती, रक्तवाहिनींत घुसली होती काय, कापलेली कड स्वच्छ आहे कीं नाहीं, हें ठशावरून भरंवशानें कळत नाहीं. कुत्रीच्या स्तनांतील गांठींत ही उणीव विशेष भासते. त्यांतल्या सुमारें निम्म्या गांठी दुष्ट निघतात, आणि कोणत्या निम्म्या हें नुसत्या पेशींवरून सांगणें कठीण. मांजरींच्या तर बहुतेक दुष्टच असतात. तंतुमय गांठींतून पेशी सुटतच नाहींत. प्लीहेच्या गांठींतून रक्तच रक्त येतें. अशा वेळीं कांचेवर वाईट पेशी सांपडल्या नाहींत, म्हणजे वाईट गांठ नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. टेबलावरील परीक्षा ही लवकर मिळालेली साक्ष आहे. न्यायाधीशाचा निकाल नव्हे. तो निकाल सबंध गांठ फॉर्मालिनमध्यें घालून, तिच्या चकत्या करून तपासणारा विकृतितज्ज्ञ देतो.

मोतीचा तो निकाल दहा दिवसांनीं आला. नांव तेंच ठरलें. २०११ सालीं मांडलेल्या पद्धतीप्रमाणें कुत्र्यांच्या अशा गांठींचे निम्न व उच्च असे दोन दर्जे करतात. मोतीची निम्न दर्जाची निघाली. चारी बाजूंच्या कडा स्वच्छ होत्या. खालची कडहि स्वच्छ, पण तेथें निरोगी मांसाचा थर पातळ होता. जवळच्या लसिकाग्रंथींत सुई घालून पाहिली, तींत रोग पसरल्याचें आढळलें नाहीं. डॉक्टरबाईंनीं कांहीं न लपवितां सांगितलें, "बहुतेक सुटला, पण नजर ठेवावी लागेल." या गोष्टीस आतां दहा महिने झाले. मोती चालतो, जिना चढतांना जरा थांबतो, आणि पहिली पोळी अजून त्याचीच आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या त्याच्या सर्वांगावरून हात फिरवितो आणि काय लागलें तें वहींत टिपून ठेवितो.

आमच्या चुकीपासून वाचकांनीं घ्यावयाचें तें थोडक्यांत असें. जनावराच्या अंगावरून महिन्यांतून एकदां बोटांनीं नीट हात फिरवावा. कांखा, जांघा, स्तन, शेपटीखालचा भाग विसरूं नये. कोणतीहि गांठ वाटाण्याएवढी झाली किंवा महिनाभर टिकली, तर ती दाखवावी आणि तींत सुई घालून पाहण्यास सांगावें. मागची गांठ निरुपद्रवी होती म्हणून ही तशीच, असें कधींहि समजूं नये. शक्य तों ही परीक्षा शस्त्रक्रियेच्या आधींच व्हावी. टेबलावरची परीक्षा, सुईनें उत्तर मिळालें नाहीं किंवा गांठ पोटांत खोल आहे, अशा वेळची. गांठ दाबून पाहूं नये, तिच्यावर बिब्बा किंवा लेप घालूं नये, दोरा बांधूं नये. मास्ट पेशींची असली तर आपण आपल्या हातानें विष सोडलें असें होईल. काढलेली गांठ तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. खर्च वांचवावयाची ती जागा नव्हे. गांठ दूर पाठवावयाची असेल तर ती तिच्या दसपट फॉर्मालिनमध्यें असावी, आणि ठशांच्या कांचा त्या बाटलीजवळ मुळींच ठेवूं नयेत, कारण फॉर्मालिनच्या नुसत्या वाफेनें कांचेवरील पेशी नीट रंग धरीनाशा होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचें. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं डॉक्टरांस विचारावें: टेबलावर पाहिल्यावर कोणतीं उत्तरें येऊं शकतात, आणि प्रत्येक उत्तरास आपण काय कराल? 'एवढें पुरे', 'अधिक काढा' आणि 'थांबा', या तिहींस आपलें म्हणणें काय, हें घरांत सर्वांनीं मिळून ठरवावें. डॉक्टरांस तें लिहून द्यावें, आणि हो-नाहीं म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाकडे देऊन त्यानें फोनपाशीं बसावें. एकत्र कुटुंबांत प्रेम पुष्कळ असतें, मतेंहि पुष्कळ असतात. भुलीखालीं पडलेल्या जनावराजवळ मात्र तीं सर्व ऐकून घेण्याइतका वेळ नसतो. आम्हांस त्या दिवशीं मातोश्री मिळाल्या म्हणून निभावलें. त्यांनीं विचारलेले दोन प्रश्न आम्ही आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविले आहेत. वाचकांनींहि ते आदल्या रात्रींच विचारावे, म्हणजे सकाळीं फोन वाजला असतां उत्तर शोधण्याची पाळी येणार नाहीं.